पऱ्हाटी वाया जात नव्हती, साहेब

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आपल्या गावचे सरपंच माननीय बबनराव. ज्यांना निरोप द्यायला आपण याच कारखान्याच्या शेडमध्ये जमलो ते व्यवस्थापक माननीय मुकेश साहेब. कारंज्याहून वेळ काढून आलेले कृषी विभागाचे पाहुणे. खुर्च्यांवर बसलेले शेतकरी बांधव, आणि मागं सतरंजीवर बसलेल्या माझ्या बायांनो, सगळ्यायले नमस्कार, जय भीम.

इथपर्यंत माझ्या सुनेनं, मेघानं, पाठ करून घेतलं. पुढचं माझं आहे. चौथीत शाळा सुटली, तवा शब्द मागंपुढं होतील. साहेबाले सवय आहे.

सरपंच मले म्हणाले, "तानाबाई, पऱ्हाटी उपटणाऱ्या बायांकडून तू दोन शब्द बोलजो. अन् चांगलं बोलजो." तर चांगलं आधी बोलून टाकते. साहेब माणूस चांगला. आमच्या ओट्यावर बसून काळा चहा प्यायले, कोण्या बाईले अरे-तुरे केलं नाई, कोणाची मजुरी ठेवली नाई. कारखाना बंद पडला तरी गेटापाशी खुर्ची टाकून बसले, तोंड चुकवून पळाले नाईत. टाळ्या वाजवा. वाजवा ना जी, हात काय भाड्यानं आणले?

झालं. आता बाकीचं.

साहेब पहिल्यांदा आले तवा समाजमंदिरात सभा झाली होती. पडद्यावर चित्र दाखवलं. कापूस वेचून झाल्यावर वावरात वाळून उभी राहते ती पऱ्हाटी. ती दळायची, मशिनीत दाबायची, मनगटाएवढी कांडी करायची. मोठ्या कारखान्यात कोळशाच्या जागी ती कांडी जाळायची, तिच्यावर वीजसुद्धा होते म्हणे. साहेब म्हणाले, "देशभरच्या शेतांत हा काडीकचरा वाया जातोय. तुमच्यापैकी पऱ्हाटी किती जण पेटवून देतात?" समोरच्या खुर्च्यांवरचे हात वर झाले.

मी मागं मैनाबाईले विचारलं, "काय व, वाया म्हणजे कोणाची जाते?"

ती म्हणे, "चूप बस व माय, चहा येऊन राह्यला."

दूरच्या वावरातली पेटवत होते, ते खोटं नाई. पण गावाजवळची कोणी पेटवत नव्हतं. पाहुण्यायले ठाऊक नसेल म्हणून सांगते. आमच्याकडं रीत होती. ज्या बाईनं वावर मोकळं करून द्यायचं, पऱ्हाटी तिची. मजुरी मागायची नाई, त्यानं द्यायची नाई. लोखंडी चिमट्यात बुड धरून मुळासकट उपटायची, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घरी आणायच्या. घरामागं गंजी लागली की वर्षाचं सरपण झालं. मी रूपरावभाऊचं वावर उपटत होती. माझी सासूही त्याइच्याच बापाचं उपटत होती. कोणी कधी लिहून घेतलं नाई. आता सांगा, साहेबाच्या हिशोबात हे कुठं बसावं? विकलं नाई, जाळून टाकलं नाई. आमच्या चुलीत गेलं ते त्या चित्रात दिसतच नव्हतं.

काय म्हणता सरपंच? हो जी, दोनच शब्द आहेत. एक झाला.

अन् साहेबाचं सगळं खोटं होतं असंही नाई. पहिली कांडी मशिनीतून निघाली तवा मी इथंच उभी होती. गरम होती. पदरात धरली तर भाजलेल्या शेंगांसारखा वास आला. मले वाटलं, आपल्या वावरातल्या काडीवर कुठं तरी दिवे लागतील. चांगलं वाटलं, काऊन नाई वाटणार?

मग रूपरावभाऊ बांधावर आले. "तानाबाई, यंदा मजुरी घेजो. पऱ्हाटीले आता भाव आहे, ती कारखान्यात जाईल." मी म्हणलं, "अन् चूल?" ते हसले. "आता तुले गॅस आहे ना बाई!" आम्ही मजुरी घेतली. खुशीनं घेतली. हातात नगद येत होतं, कोण नाई म्हणते?

पण पऱ्हाटी काही पोत्यात भरलेलं सोयाबीन नाई. ट्रॉली डोंगरासारखी भरते अन् वजनाले काहीच नाई. दोन महिने ढीग लागते, बाकी वर्ष मशीन तोंड वासून बसते. साठवली तर ओल धरते. ओली कांडी मोठ्या कारखान्यानं ट्रकसकट वापस पाठवली. वरून मुळाची माती. आम्ही मुळासकट उपटणार, मूळच तर चुलीत जास्त वेळ जळते, हाताले तेच वळण. माती गेली मशिनीत, पाती बोथट. साहेब म्हणाले, "मावशी, उपटू नका, वरून कापा." कापलं, तर वावरात खुंट राह्यले. खुंटानं ट्रॅक्टरचं टायर फुटलं की शेतकरी आमच्यावर ओरडे. "कोणाचं ऐकू गा?" मी विचारलं. साहेब म्हणाले, "दोघांचं." तुम्हीच सांगा पाहुणे, आधी उपटलेलं झाड कापायचं कसं?

हसा. मीही हसली होती.

शेवटी शेतकऱ्यायनं रोटाव्हेटर लावला. अर्ध्या दिवसात पऱ्हाटी बारीक होऊन मातीत. वावर साफ, मातीले खत. कारखान्याले माल मिळेना, झाला बंद. यंदा कापूस संपल्यावर मी चिमटा घेऊन रूपरावभाऊकडं गेली. म्हणलं, "भाऊ, जुन्या रीतीनं उपटू का?" ते खाटेवरून उठले नाई. "कायची पऱ्हाटी, तानाबाई? कालच फिरवला ट्रॅक्टर." रूपरावभाऊ, तुम्ही समोर बसले आहात. राग नाई. वावर तुमचं, मातीही तुमची. पण तुमचं वावर माझ्या घराचं सरपण होतं, हे तुमच्या बापाले ठाऊक होतं. तुमच्या पोराले आता कोण सांगेल?

माझी सून मेघा बाळंत झाली आहे. उन्हाळा असो का काही असो, बाळंतिणीले अन् लेकराले कढत पाणी लागते, शेक लागते. सिलिंडर रांधायलेच पुरत नाई, त्याच्यावर हंडा कोण चढवते? म्हणून मी साहेबाकडं येत होती. कारखान्याच्या मागं, या भिंतीपलीकडं, जुनी गंजी पडून आहे. आमच्याच हातानं उपटलेली पऱ्हाटी. मी म्हणलं, "साहेब, मशीन तर बंद आहे. ती गंजी बायांना वाटून द्या." साहेब दर खेपेला म्हणत, "मावशी, कंपनीच्या परवानगीशिवाय मी एक काडी हलवू शकत नाही. वर कळवलंय." मी परत येत होती. गेटाले कुलूप.

आज निरोपासाठी गेट उघडलं. मले वाटलं, बरं झालं. सगळ्यायसमोर मागते, पाहुण्यायसमोर साहेब नाई कसे म्हणतील? सकाळपासून तेच बोलणं मनात घोकत होती. पण आत येताना आधी मागं जाऊन पाह्यलं. गंजीत हात घातला. काडी हातातच भुगा झाली. वरून पऱ्हाटी दिसते, आतून उधईनं, वाळवीनं, सारी खाल्ली. मैनाबाईनं दुसरीकडून उपसून पाह्यलं. तिकडंही तेच.

तवा मागायचं काही राह्यलं नाई. साहेब, खाली काऊन पाहता? तुम्ही खाल्ली नाई. परवानगी आली असेल तर तीही आता तुमच्यापाशीच ठेवा.

साहेब दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन राह्यले, तिकडंही असाच कारखाना लावणार म्हणतात. लावा. देशाले वीज पाहिजे, मी काही नाई म्हणत नाई. फक्त सभा घ्याल तवा मागं सतरंजीवर बसलेल्या बाईले एकदा विचारजा, "बाई, हे तुमच्याकडं कशाले लागते?" विचाराल का? मान हलवू नका, मले ठाऊक आहे. तुमच्या पडद्यावर तिची चूल बसणार नाई, अन् तुमच्या वरचे लोक तुमचं ऐकणार नाईत.

सरपंचांनी मले बोलू दिलं, मधात दोनदाच घड्याळ दाखवलं, त्याइचे आभार. पाहुणे उन्हात आले, त्याइचे आभार. साहेबाले शाल-नारळ लखलाभ होवो, त्याइची लेकरं सुखी राहो. बोलताना जीभ घसरली असेल, कोणाच्या मनाले लागलं असेल, तर माझं अडाणीपण समजून सोडून द्या.

नाश्त्याले मी थांबत नाई. सून वाट पाहत असेल. काल हंड्याखाली कुंपणाच्या काड्या संपल्या, आज बकऱ्यायच्या कोठ्याच्या लाकडी बल्ल्या उपटते. बकऱ्या कुठं बांधायच्या, ते उद्या पाहू.