कमळाची हरकत

(भिवंडी. नगररचनेच्या कचेरीत सुनावणी चालू आहे. टेबलापलीकडे साहेब, अलीकडे पूर्णा गावचे केसरीनाथ तरे आणि त्यांचा पुतण्या मनोज.)

साहेब : ते बरोबर, पण हरकत कमळाबाईंची आहे. त्या का नाही आल्या?

केसरीनाथ : तिला यायला जमनार न्हाय. मी नवरा, मी आलोय ना.

साहेब : तब्येत बरी नाही का?

केसरीनाथ : तुम्ही वाचा ना. तिनंच लिवलंय सगळं, दिवाळीत.

मनोज : काका, सांगा ना साहेबांना.

केसरीनाथ : तू गप. तुझ्या गोडाऊनचा नकाशा हाय ना, तो दाखव.

मनोज : साहेब, काकी वारली. जानेवारीत.

साहेब : म्हणजे पाच महिने झाले. घरपट्टीवर तर अजून त्यांचंच नाव आहे.

केसरीनाथ : घर तिचं हाय.

मनोज : मृत्यूचा दाखला मीच आणून दिला. पंचायतीत द्या बोललो, तर रोज बोलतात, उद्या.

केसरीनाथ : दिला की नाव खोडतात.

साहेब : बाबा, शेजारच्या घरमालकाची हरकत मला ऐकावीच लागते. पण मालक हयात नाही आणि वारसाची नोंदही नाही, तर ही हरकत बाद होईल. मग पुतण्याची शेजारची जागा आज रहिवासी वापराची आहे, ती गोदामासाठी मंजूर होईल.

केसरीनाथ : म्हंजे भिंत.

साहेब : चाळीस फूट उंच. तुमच्या घराच्या पूर्वेला.

मनोज : काका, गावात पहिलं गोडाऊन तुमच्याच भाताच्या खाचरात झालं. तवा कोन हरकतीला आलं होतं?

केसरीनाथ : कोनी न्हाय. तुझी काकी तिथंच पॅकिंगला लागली. आपल्याच खाचरात, पत्र्याखाली. चौदा वर्षं. जाताना काळोख, येताना काळोख, आत दिवसभर ट्यूबलाइट. म्हनून घर बांधलं तवा गवंड्याच्या मागं लागली, पूर्वेला दोन खिडक्या पाड. मोठ्या. गवंडी बोलला, वैनी, म्हैस आत घ्यायची हाय का?

मनोज : म्हाईत हाय मला. त्याच खिडकीतून भाकरी द्यायची मला, शाळेला जाताना.

केसरीनाथ : आन् तू तिथंच भिंत घालतोस.

मनोज : मी काय करू, काका? तुमच्याकडं खाचर होतं, तुम्ही दिलंत. माझ्याकडं हा एक तुकडा हाय.

साहेब : असं करा. वारस म्हणून अर्ज द्या, दाखला जोडा. मी सुनावणी आठवडाभर पुढे घेतो. त्यांची हरकत तुम्ही चालवायची.

केसरीनाथ : आन् घरपट्टीवर?

साहेब : त्यांचं नाव कमी होईल, तुमचं लागेल.

केसरीनाथ : दोन्ही ऱ्हाऊ द्या ना. माझं खाली लिवा, बारीक.

साहेब : तसं होत नाही, बाबा.

केसरीनाथ : मार्चला पंचायतीचा मानूस बिल घेऊन आला. नवीन होता. दारातून विचारलं, कमळाबाई हायेत का? मी बोललो, हाय, आत हाय.

मनोज : काका...

केसरीनाथ : साहेब, नाव काढलं तर भिंत होनार न्हाय?

साहेब : ते आज सांगता येत नाही. तुमचं ऐकून घेतलं जाईल, एवढंच सांगतो. नाव ठेवलंत तर मात्र तेही नाही.

केसरीनाथ : मनोज, पेन दे.

मनोज : घ्या. सही इथं, खाली.

केसरीनाथ : पुढच्या टायमाला शिपाई कोनाचं नाव पुकारनार?

साहेब : तुमचं.

केसरीनाथ : मग आज एकदा तिचं पुकारा ना. मघाशी बाहेर पुकारलं तवा हा फोनवर बोलत होता, मला नीट ऐकाया न्हाय आलं.

साहेब : कमळा केसरीनाथ तरे. मुक्काम पूर्णा.