भटकभवानी

(न्हाणीघराचं दार अर्धवट उघडं. आत सहा वर्षांची मुंगी. दाराबाहेर तिची आई आणि सोनोग्राफी करणारी आत्या.)

आत्या : साबणदाणी पडली वाटतं.

आई : पाडली. आपण दोघी गप्प झालो की तिचा जीव टांगणीला लागतो. मुंगे, आम्ही दारातच आहोत गं.

मुंगी : मग बोला ना काहीतरी.

आत्या : ऐकलंस, हुकूम सुटला. वहिनी, तू सकाळपासून काही खाल्लंस का?

आई : खाईन. ताई, सर्जन काय म्हणाले ते परत सांगा. तिथे मी नुसती मान हलवत होते, डोक्यात एक अक्षर शिरलं नाही.

आत्या : हे बघ. प्लीहा, म्हणजे स्प्लीन, डाव्या बरगड्यांखाली असते. तिला जागेवर धरणारे बंध मुंगीचे जन्मापासूनच सैल. म्हणून ती पोटभर हिंडते. फार विरळा आजार. एवढी वर्षं पोटं बघतेय, पण अशी भटकभवानी पहिल्यांदाच भेटली.

आई : आणि उद्या ऑपरेशनात?

आत्या : दुर्बिणीने बघतील. तिच्या रक्तवाहिन्यांच्या देठाला पीळ पडला असला तरी रक्त चालू असेल, तर पीळ सोडवून जाळीच्या पिशवीत घालून जागेवर बसवतील. काळी पडली असेल, तर काढावी लागेल.

आई : काढली तर?

आत्या : तिच्यावाचून जगतात माणसं. लसी चुकवायच्या नाहीत, आणि साधा ताप आला तरी घरी थांबायचं नाही, थेट दवाखाना. जन्मभर.

आई : जन्मभर.

आत्या : उद्याचं उद्या बघू.

आई : अंघोळ घालताना हाताला गाठ लागायची हो. नीट बघावं म्हणून पुसून पलंगावर आडवी करायचे, तर गायब. हे म्हणाले, साबणाची वडी हातात राहिली असेल. डॉक्टरांनीही आडवीच करून तपासली. मला वाटायला लागलं, माझा हातच खुळावलाय.

आत्या : मीसुद्धा आडवीच घेतली की पहिल्यांदा. आमचं टेबलच तसं. आडवी झाली की भवानी सरकून आपल्या घरी. तू म्हणालीस, ताई, अंघोळीला उभी करतो तशी करा, तेव्हा सापडली. बेंबीच्या खाली.

आई : आज आहे का तिथे, बघू का एकदा?

आत्या : नाही. आता दाबायचं नाही, सांगितलंय ना? पीळ वाढेल.

आई : म्हणून तर अंघोळ तिची तिलाच करू देते. पण हात आपसूक तिथेच जातो, ताई.

मुंगी : आई, टॉवेल.

आई : ये. कान पूस आधी.

मुंगी : मी सगळं ऐकलं.

आत्या : भिंतीपेक्षा मुंगीलाच कान जास्त.

मुंगी : तिला पिशवीत ठेवणार. किंवा काढणार. आत्या, भवानी वाईट आहे?

आत्या : नाही गं राणी. तिला धरायला कोणी नव्हतं, एवढंच.

मुंगी : आई, हात ठेव ना. दाबू नकोस. नुसता ठेव.

आई : ठेवला.

मुंगी : गार आहे तुझा हात.

आई : काढू?

मुंगी : राहू दे. आई, दवाखान्यातून मी घरी येईन ना, तेव्हा ती पण येईल?