दुसऱ्या मजल्यावरचा हॉल

नाही हो काका, तुम्हाला कशाला हसू — या फोनला हसले. सकाळपासून हा एकविसावा. थांबा, बंदच करते — नाही, बंद करून चालायचं नाही, पालथा घालून ठेवते. हं, मोठ्ठा आ करा. मुंगी चावल्यासारखं होईल — मुंगी कसली, मुंगळाच म्हणा, मी पेशंटशी खोटं बोलत नाही... झालं. आता दहा मिनिटं थांबायचं, जबडा बधिर होईपर्यंत. तुम्ही बोलू नका, जीभ चावून घ्याल. मी बोलते. मदतनीस बाई असत्या तर त्यांच्याशी बोलले असते, पण त्यांना मीच पिटाळलंय शिंप्याकडे, माझे कपडे आणायला. रविवारी लग्न आहे माझं — हो, याच रविवारी, आणि आज मंगळवार. नवरीनं घरी बसायचं सोडून ही दाढा काय उपटत बसलीये, असंच आलं ना मनात? आईचंही तेच म्हणणं. पण घरी बसून करू काय? उंबऱ्यात पाय ठेवला की चारी बाजूंनी प्रश्न. खुर्च्यांना कापड पांढरं की मोतिया? मी एवढंच विचारलं, दोन्हींत फरक काय — तर वहिनी दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. फुलवाला म्हणतो पिवळी मिळणार नाहीत, जांभळी घ्या. होणाऱ्या सासूबाईंनी काल कळवलं की त्यांच्याकडची चाळीस माणसं वाढली. चाळीस! घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, म्हणतात ते हेच घोडं. आणि ज्याच्याशी लग्न करायचंय, तो काय म्हणतो? ‘तू ठरव, तुला आवडेल ते.’ इतकी चीड येते मला या वाक्याची! सगळं मीच ठरवायचं. हॉलही मीच ठरवला —

बघा, वाजला. दादा, माझा मोठा भाऊ. नाही उचलणार. कालपासून एकच धोशा लावलाय त्यानं: ‘तुला जिना दिसला नाही का?’ हॉल दुसऱ्या मजल्यावर आहे हो. लिफ्ट नाही. बेचाळीस पायऱ्या, मध्ये वळण. आणि आमचे बाबा — तीन वर्षं झाली, उजवी बाजू गेलीये त्यांची. वाचाही गेली, एक ‘बरं’ तेवढं राहिलंय. चहा हवा? बरं. दुखतंय का? बरं. दादा म्हणतो, चौघं मिळून खुर्चीतून उचलून नेऊ. बाबांना! ज्या माणसानं उभ्या जन्मात कुणाला स्वतःची पिशवी धरू दिली नाही, त्यांना दोनशे लोकांसमोर सामानासारखं वर चढवायचं? आणि हॉलच्या मॅनेजरनं तरी बोलायला नको होतं? म्हणजे... ‘लिफ्ट नाही’ अशी पाटी होती म्हणा, जिन्यापाशीच. पण लग्नाच्या गडबडीत पाट्या कोण वाचतं?

ओठ जड झाला? गाल? हं, मग काढू या. दाब जाणवेल, दुखणार नाही. मान सरळ ठेवा... मुळं घट्ट आहेत हो तुमची. बाबांचे दातही असेच, एकही पडलेला नाही. मीच घासते रोज सकाळी. घास उजव्या गालात अडकून राहतो, तो बोटानं काढावा लागतो, त्यांना कळत नाही ना. एकदा चावले मला. मी ओरडले. ओरडले म्हणजे — नको ते बोलले. या आजारपणात दोनदा लग्न पुढे ढकललं मी, काका. दादा लांब राहतो, आई थकलीये, मग कोण उरलं? कुठंही गेलं की लोक आधी त्यांच्याकडे बघतात, मग माझ्याकडे — आणि म्हणतात, ‘किती करतेस गं!’ नको वाटतं. एक दिवस, एकच दिवस मला — जरा इकडे वळा — तळमजल्याचा हॉल होता हो. त्याच रस्त्यावर, त्याच तारखेला मोकळा. मी आईला सांगितलं, भिंतींचा रंग घाणेरडा आहे. रंग चांगला होता. मी तो जिना स्वतःच्या पायांनी चढले, बेचाळीस पायऱ्या मोजल्या, आणि वर जाऊन म्हटलं, हाच द्या.

निघाली. बघा, अख्खी निघाली. दुखलं का? ...मग असे का बघताय?

हा बोळा चावून धरा. घट्ट. बोलू नका. कालची गोष्ट सांगते. बाबांसाठी नवा कोट आणला होता दादानं. घालून बसले होते, आरशासमोर, स्वतःशीच खूष. आणि दादा त्यांच्यासमोरच आईला म्हणाला, अगं, तिथे तर जिना आहे. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं, काका. बाकी कुणाला नाही कळलं, त्यांना कळलं. म्हणाले, ‘बरं.’ आणि डाव्या हातानं कोटाची बटणं सोडायला लागले. चार बटणं. मी पुढे झाले तर हात बाजूला सारला माझा. दहा मिनिटं लागली त्यांना. मी नुसती उभी. कुणाला सांगणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

पुन्हा वाजला. थांबा — हां, दादा. नाही, ऐक आधी. चौघं नकोत, कुणी उचलायचं नाही त्यांना. मॅनेजरशी मी बोलते... अरे, बोलते म्हटलं ना! ठेव.

एक मिनिट हं काका, चावून धरा. — हॅलो, रविवारचं बुकिंग, नवरी बोलतेय. खाली तळमजल्यावर तुमची जेवणाची खोली आहे ना? लग्न तिथे लागेल, पंगती वर घ्या... खांब आहेत, माहितीये मला. खांबांच्या मागे बसतील चाळीस जण, माझी काही हरकत नाही... स्वयंपाकाचा वास? येऊ दे... आणि जेवायला चढतील की! भुकेली माणसं बेचाळीस काय, शंभर पायऱ्या चढतात... सजावटीचं वहिनीशी बोला. नाही — नको, वहिनीला मीच सांगते. पुढच्या दोन खुर्च्यांपाशी चाकाच्या खुर्चीला जागा सोडा. पुढे, मागे नाही. हो. लिहून घ्या.

हुश्श. आता आई रडेल, वहिनी बोलणं टाकेल, सासूबाई खांब मोजतील. मोजू देत. पण घरी जाऊन बाबांना काय सांगू? हॉल बदलला म्हणून सांगता येईल. का बदलला, ते — आणि मुळात तो का घेतला होता, ते... तोंड उघडा पाहू. रक्त थांबलंय. दोन तास काही खायचं नाही, आज गरम पिऊ नका, जोरात चूळ भरू नका. काय? बोलू नका म्हटलं ना! माझा हात सोडा काका, हातमोज्याला रक्त आहे. उठा, सावकाश. आणि बाहेर जे कोण बसले असतील, त्यांना आत पाठवा.