बाल्कनीतल्या सळया

पुरवणी जबाब
ता. १२ फेब्रुवारी १९९८, सकाळी साडेदहा

माझं नाव शीला भाऊराव गजभिये. वय ५९ वर्षे. काम: केंद्र सरकारच्या बांधकाम खात्यात बत्तीस वर्षे ट्रेसर, म्हणजे इंजिनियरच्या नकाशाची हुबेहूब नक्कल काढणारी. गेल्या एप्रिलात रिटायर झाले. मूळ गाव उमरेड, जिल्हा नागपूर. हल्ली मुक्काम प्लॉट नं. ४१७, नवीन सेक्टर, फरीदाबाद. घरात मी एकटी.

कुणी बोलावलेलं नसताना आपणहून ठाण्यात येऊन लिहून देते की, परवा ता. १० रोजी मी इथेच दिलेला जबाब खोटा आहे. तो हिंदीत होता. ऑफिसात बत्तीस वर्षं हिंदीत 'जी साहब' म्हणत निभावून नेलं, परवाही तसंच निभावून नेलं. म्हणून आज आधी माझ्या भाषेत लिहिते आहे. खाली हिंदी तर्जुमा मीच करून देईन. ठाण्याचे साहेब म्हणाले, "लिखिए माताजी, जितना लिखना है."

हकीकत अशी. सोमवारी ता. ९ रोजी दुपारी दोनच्या सुमारास माझ्या घराची पहिल्या मजल्याची बाल्कनी तुटून खाली आली. तिच्यावर विटा वाहणारी मजूर बाई पार्वती, मूळची छतरपूरकडची, खाली पडली आणि तिचं कमरेचं हाड मोडलं. ठेकेदार सतबीर याने मला सांगितलं, "माई, आप बस इतना बोल देना कि ईंटें आपने रखवाई थीं." मी परवा तसं बोलले. विटा मी ठेवायला सांगितल्या नव्हत्या. त्या त्याच्याच माणसांनी, त्याच्याच सांगण्यावरून ठेवल्या. आणि खरं म्हणजे विटांचा काही दोषच नाही. बाल्कनी धड असती तर तेवढ्या विटा तिनं सहज पेलल्या असत्या.

बाहेर काढलेल्या बाल्कनीला भिंतीचा आधार एकाच बाजूला असतो. तिचं वजन तिला खाली ओढतं आणि ताण येतो तो वरच्या अंगाला. म्हणून तिच्या मुख्य सळया वर टाकायच्या असतात. मी असल्या शेकडो बाल्कन्यांचे नकाशे ट्रेस केलेत, माझ्या बोटांना ते पाठ आहे. सतबीरने सळया खाली टाकल्या होत्या. शिवाय सळई हवी तेवढी जाडही नव्हती, आणि जिथे दहा हव्यात तिथे सहा होत्या.

हे मला केव्हा कळलं, असं साहेब विचारतील. १४ नोव्हेंबरला, शुक्रवारी दुपारी. काँक्रीट दुसऱ्या दिवशी पडायचं होतं. मी वर गेले आणि पाहिलं. सतबीरला म्हटलं, "सरिया ऊपर चाहिए." तो हसला. "माई, टेन्शन मत लो, बीस साल से यही काम कर रहा हूँ." मी म्हटलं, मी बत्तीस वर्षं. पुढचे तीन दिवस तो चहाला आला नाही.

हा चहा काय प्रकार आहे तेही सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझे यजमान भाऊराव चार वर्षांपूर्वी गेले. फरीदाबादचा प्लॉट त्यांनीच घेतला होता. सरकारी क्वार्टर सोडावं लागलं तेव्हा ऑक्टोबरात मी अर्धवट घराच्या मागच्या खोलीत राहायला आले. आजूबाजूला रिकामे प्लॉट, पलीकडे फॅक्टरीची भिंत. मुलगा सुगत कॅलिफोर्नियात कॉम्प्युटरचं काम करतो. त्याचा फोन रविवारी येतो. अहो, आठवड्याचे उरलेले सहा दिवस काय करायचं माणसानं? सतबीर रोज चार वाजता पायरीवर बसून चहा घ्यायचा. मुलीच्या शाळेचं सांगायचा, माझ्या गुडघ्याची चौकशी करायचा. दिवसभर हातोडा, फावडी, बायकांचं बोलणं. घर खायला उठत नव्हतं.

ते तीन दिवस मी कपात चहा गाळून ठेवला आणि ओतून दिला. चौथ्या दिवशी तो आला आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात म्हणाला, "माई, अदरक डाली है ना?" मला रडू आलं होतं. त्यानंतर मी सळयांचा विषय काढला नाही. बाल्कनी तोवर ओतून झाली होती. सुगत फोनवर म्हणाला, "आई, एखादा इंजिनियर बघून जाऊ दे का? मी इथून सोय करतो." मी म्हटलं, "कशाला? काम बिल्कुल छान चाललंय." ट्रेसरच्या आयुष्यात मी एक रेघ चुकवली नाही आणि स्वतःच्या घरात अशी डोळ्यांवर कातडं ओढून बसले.

एवढ्यावर थांबले असते तरी बरं. माझं काम संपत आलं तसा मला घोर लागला की हा माणूस आता जाणार. आमच्या सेक्टरात विनया आणि पद्माकर हे पुण्याचं जोडपं घर बांधणार होतं. गेल्या वर्षी महाराष्ट्र मंडळाच्या बसनं पानिपतला काला अंबचं स्मारक बघायला गेलो तेव्हा विनया माझ्या शेजारी बसली होती, तेव्हापासूनची ओळख. मी तिला सांगितलं, सतबीरला घे, घरच्यासारखा आहे. त्यांचा प्लॉट माझ्यापासून चार घरांवर. म्हणजे तो रोज इकडूनच जाणार होता. मला दुसरं काही नको होतं.

काल मी पार्वतीला बघायला सरकारी दवाखान्यात गेले. तिने बाल्कनीबद्दल मला एकही शब्द विचारला नाही. उलट म्हणाली, "अम्मा, आप अकेली आईं? खाना खाया?" मला तोंडात मारल्यासारखं झालं. परत येताना विनया भेटली. माझी बाल्कनी विटांनीच पडली असं तिलाही वाटत होतं, म्हणून खुशीत होती. म्हणाली, "शीलाताई, उद्या सकाळी आमचा स्लॅब! बाल्कनीखालची खोली आमच्या लेकीची, पूर्वीची. तुम्ही या हं, पेढे आहेत."

आज सकाळी सात वाजता मी गेले. मिक्सर आलेला होता. सेंट्रिंगच्या फळ्यांवर चढून बघितलं, बाल्कनीच्या सळया पुन्हा खालीच. मी तिथे सळयांवर बसले. सतबीर खालून म्हणाला, "माई, नीचे उतरो, गिर जाओगी." मी म्हटलं, "मी नाही उठत. काँक्रीट टाकायचं तर माझ्यावर टाक." हे मराठीत बोलले, पण त्याला कळलं. मजूर थांबले. पद्माकर वर आले, त्यांच्या मागे पूर्वीला घेऊन विनया. मी सगळं सांगितलं. विनया म्हणाली, "तुम्हाला नोव्हेंबरपासून माहीत होतं?" मी हो म्हटलं. "आणि तरी तुम्ही आम्हाला तो माणूस दिलात?" मी हो म्हटलं. ती मुलीचा हात धरून खाली उतरली. माझ्याकडे वळून बघितलं नाही. बरोबरच केलं तिनं.

मिक्सर परत गेला आहे. पण सतबीर गोडबोल्या आहे, दुपारपर्यंत पद्माकरांची समजूत घालून काँक्रीट ओतूनही मोकळा होईल. एकदा ओतलं की आत काय आहे ते पडेपर्यंत दिसत नाही. म्हणून विनंती की, साहेबांनी आत्ताच माणूस पाठवून ते काम थांबवावं आणि सळया उघड्या असतानाच जाणकाराकडून तपासाव्यात. सोबत माझ्या हातची दोन चित्रं जोडली आहेत, सळया कुठे हव्यात आणि कुठे आहेत. माझ्या घराचे तुकडे मी उचलू दिलेले नाहीत, तेही बघावेत.

सतबीरवर जी कारवाई व्हायची ती व्हावी. मी खोटा जबाब दिला त्याबद्दल माझ्यावरही व्हावी. त्याने लोखंडाची चोरी केली ती माझ्या डोळ्यांदेखत केली, आणि मी त्याला आलं घालून चहा दिला. पार्वतीचं हाड मोडलं त्यात माझा वाटा आहे. हे कुणी माझ्याकडून वदवून घेतलेलं नाही.

साहेब म्हणाले, जबाब देणाऱ्याला तो वाचून दाखवावा लागतो. इथे मराठी वाचता येणारं कुणी नाही. म्हणून मीच मोठ्यानं वाचला, पहिल्या ओळीपासून. साहेबांना क्वचितच एखादा शब्द कळला असेल, पण ते मध्ये उठले नाहीत. मजकूर माझाच आहे आणि बरोबर आहे.

सही: शीला भा. गजभिये