रातवा पितो म्हणतात ती शेळी

—नाही रे बाबा, तिच्या कासेकडे काय बघतोस? दिसते भरलेली, आतून ठणठण. रातव्यानं पिऊन टाकली तिला. हसतोस काय? एवढंसं पाखरू, पण आ केला की या कानापासून त्या कानापर्यंत जबडा — दिवेलागणीला येतो, शेळीच्या पोटाखाली शिरतो, पितो आणि पसार. आमच्या एस्त्रेमादुरात, स्पेनच्या या कोपऱ्यात, शेंबडं पोरगंही सांगेल तुला. असली भाकड शेळी नेऊन काय करशील? माझ्या फर्मिननं धाडलं ना तुला? त्याला काय कळतंय, शहरात चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याला! म्हणतो, आई, शेळी वीक नि इकडे ये, तिच्यामागं धावताना एक दिवस दरीत जाशील — अरे, पाव तसाच ठेवलास? घे, वर चीज घे, दारी आलेल्याला मी कोरडा धाडत नाही. झकास आहे ना? असणारच! परवाच थापलंय, डोंगरावरची वासाची झुडपं ओरपते ना ही शेळी, माझी कानेला, म्हणून तो घमघमाट, असलं दूध पंचक्रोशीत —

असा काय बघतोस?

बरं, देते दूध. बख्खळ देते. आणि रातवा बिचारा थेंबही पीत नाही — तिच्या पायाशी चिलटं-पतंग उडतात, ते टिपायला येतो. दिवसभर पाचोळ्यात पाचोळा होऊन पडतो, अंगावर पाय पडेस्तोवर दिसायचा नाही. पण गुण ऐक त्याचे! उन्हाळ्यात यायचं, मोठा आ करायचा, गार वारा सुटला की चालले आफ्रिकेला. आमच्या फर्मिनचंच बघ ना — जत्रेला येतो, चीजचे दोन गोळे बगलेत मारतो, गेला! ही कानेला कुठं जाते? थंडीत गावात चार धुराडी तेवढी धुरकटतात, तेव्हा मी बोलते कुणाशी? हिच्याशी. खोडकर आहे, माझा खिडकीचा पडदा खाल्ला हिनं, पण औंदा ओढ्यापाशी मी पडले ना, उठता येईना, तर डोक्याशी उभी राहून अशी बोंबलली की शेजारीण अनवाणी धावत आली. फर्मिनचा तो चौथा मजला बोंबलेल का असा?

म्हणजे पडले कसली, बसले होते. जरा बसले होते. आणि हे फर्मिनच्या कानावर गेलं तर याद राख!

ऊठ आता. बस चुकेल तुझी. दोर... दोर सोड तिचा हातातला, ती इथंच राहील.