सासुरवाडीच्या वाटेवर बिघडणारा गिअरबॉक्स

हॅलो?… कोण?… मोठ्याने बोल, इथे कढई चुरचुरतेय.

हं, रुस्दी. बोला जावईबापू. शहरातून निघून कुठवर पोचलात?… काय?…

नाही, ऐकू आलं मला. ऐकू आलं म्हणूनच गप्प बसलेय. पुन्हा म्हण.

गिअरबॉक्स.

हं. गिअरबॉक्स गेला.

अरे वा! आता कुठे ईद आल्यासारखी वाटली बघ मला. एखाद्या वर्षी चंद्र दिसायचा राहील, पण ईद माझ्याकडे करायची पाळी असली की तुझा गिअरबॉक्स जायचा काही राहत नाही.

टोमणा?… छे रे. सासू कधी टोमणा मारते का? सासू आठवण करून देते. एक ईद पेंदांगला तुझ्या आईकडे, पुढची इथे डुंगुनला माझ्याकडे, हे लग्नात ठरलं होतं की नव्हतं?… ठरलं होतं ना? पेंदांगची पाळी असते तेव्हा हीच गाडी असते, हाच गिअरबॉक्स असतो. तेव्हा कशी सुरळीत जाते?

घाट?… कुठला घाट? बरं, घाट. मग मागे ऑफिसातल्या मंडळींना घेऊन डोंगरावर स्ट्रॉबेरी खायला गेलास, तेव्हा गाडी काय डोक्यावर घेऊन चढलास?… सल्वानीने फोटो पाठवले होते. निळी गाडी, आणि बॉनेटवर तू. दात काढून.

हो, हो… ऐकतेय… दुसऱ्यातून तिसऱ्यात जात नाही… नुसती गुरगुरते आणि जागची हलत नाही… हं… म्हातारी झाली. अरे, म्हातारी मीही झालेय. गुरगुरतेही. पण घरातली कामं करते ना?

जुनी आहे हे तू मला सांगतोस? ह्यांनी शाळेच्या हेडमास्तरांकडून घेतली तेव्हाच ती जुनी होती. सल्वानी त्याच गाडीतून कॉलेजला गेली, त्याच गाडीतून तुझ्या घरी आली. आणि तुला चावी देताना हे काय म्हणाले होते, आठवतं?… नाही, 'तेल वेळच्या वेळी बदल' हे नंतर. आधी काय म्हणाले?… मी सांगते. 'गाडी घेऊन जा, आणि पोरगी घेऊन येत जा.' तेल तरी बदललंस का?…

वाटलंच मला.

पहिल्या खेपेला खरंच बिघडली होती, ते मी मान्य करते. हे स्वतः आले होते, रोजा असताना, भर उन्हात. दोर बांधून ओढत आणलं तुम्हाला. मग तू तो जपानहून आलेला जुना गिअरबॉक्स बसवलास. पुढच्या खेपेला तो गेला. आणि ईदच्या फोटोत गाडी कुठे दिसली? पेंदांगच्या भातखाचरात!… हो, तेव्हाही हेच म्हणाला होतास, पेंदांगकडे, पश्चिमेला, उतार लागतो. आपल्या देशाला एका बाजूने उतार आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

अरे, मधे बोलू नकोस. रोज्यात मीठ चाखून बघता येत नाही, निदान बोलून तरी घेऊ दे.

ऐक. ह्यांच्यानंतरची ही पहिली ईद आहे.

…

माहीत आहे तुला. तरी ऐक. परवा सकाळी नमाज झाला की सगळं गाव कबरस्तानात जाईल. प्रत्येकाबरोबर मुलंबाळं असतील. मी एकटीने बसून ह्यांच्या कबरीवर पाणी शिंपडायचं? आणि शेजारच्या कबरीवरून कोणी विचारलं, सल्वानी नाही आली, तर काय सांगायचं? गिअर पडत नाही म्हणून?

हं. वाईट वाटतं ना? मग मला सांग, कुठे आहेस?… पेट्रोल पंपावर. कुठल्या?… चुकाईच्या अलीकडच्या. मग रडतोस कशाला! चुकाई म्हणजे इथल्या इथे. माझ्या भावाला पाठवते, पोक सूला. त्याचा मासळीचा ट्रक आत्ता माझ्या दारात उभा आहे. दोर आहे, आकडा आहे…

का नको?… कसला वास?… मासळीच्या ट्रकाला मासळीचाच वास येणार. सल्वानी त्या वासात वाढली आहे, तिला भूक लागेल उलट.

टो ट्रक बोलावलायस?… येतो म्हणाला?… कधी?… 'बघतो' म्हणाला. छान. आणि तोवर माझी पोरगी नि नात पंपावर बसणार? सल्वानीला दे फोन.

कुठे गेलीय?… नमाजाला. आत्ता? सूर्य बुडत आला, हा कुठला नमाज?… राहिलेला. बरं, मग दामियाला दे. तिचा पोपटी फ्रॉक शिवून तयार आहे म्हणून सांगते तिला. सगळ्यांना एकाच रंगाचे कपडे शिवलेत मी. तुलाही सदरा आहे. पोपटी. … झोपलीय? ती दुपारीसुद्धा कधी झोपत नाही, आणि पंपावर झोपलीय?

थांब. थांब जरा… अजान झाली.

बिस्मिल्ला…

हं. खजूर आहे तोंडात, थांब… हं, झालं. चल, तूही सोड रोजा. भांडण नंतर करू. पंपावर पाणी तरी असेल. घे दोन घोट, मी थांबते.

काय म्हणालास?

नाही, नाही, परत म्हण. 'अजान होऊ दे, आई'?

रुस्दी… मी खजूर खाऊन बी बशीत ठेवली. चुकाईला अजान आमच्याबरोबरच होते. तिथे माझी आतेबहीण आहे, तिचा एव्हाना भात कालवून झाला असेल. आणि तुझी अजान अजून व्हायचीय?

घड्याळाचं काय घेऊन बसलास? सूर्याचं बोल. तो आमच्या समुद्रातून वर येतो आणि तुमच्या भातखाचरात बुडतो. ह्या देशात सगळ्यांचा रोजा सुटून गेल्यावर तो सुटतो तुझ्या आईच्या ओट्यावर.

पाणी पी.

पी म्हणते ना. चुकाईला आहेस ना तू? मग अजान होऊन गेली, पी!… का, घोट उतरत नाही?… बघ, कसा आहेस. रोजा ठेवून सासूशी खोटं बोलताना जीभ अडखळत नाही, पण अजानीआधी पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. वळण चांगलं लावलंय कोणीतरी. तिलाच बोलाव. तुझ्या आईला दे फोन.

ठेवू नकोस हं! ठेवलास तर पोक सूचा ट्रक आत्ता निघेल. चुकाईला नाही, पेंदांगला. दोर घेऊन.

बरं, आईला नंतर. आधी दोघंही गप्प बसू. तुझी अजान होऊ दे. मला काही घाई नाही, माझा रोजा सुटलाय.

…

…

हं. झाली. ऐकू आली. गोड गळा आहे तुमच्या मशिदीतल्या माणसाचा. आणि मागे बदकं. पंपावर बदकं! खा, आता खजूर खा. आणि दे आईला.

हॅलो… सलाम आलैकुम, विहीणबाई. हो, मीच… बरी आहे. तुम्ही?… गुडघे?… हो, माझेही… काय?… गर्दी? कसली गर्दी?… कुठे?…

मक्केत?

विहीणबाई, मी मक्केत नाही. मी माझ्या स्वयंपाकघरात आहे. हातात झारा आहे… नाही हो, उमऱ्याला कुठली जाते? कोणी सांगितलं तुम्हाला?…

हं… हं… 'त्या मक्केला गेल्यात, डुंगुनचं घर बंद आहे, म्हणून यंदाही ईद तुझ्याकडेच.' … आणि सल्वानीसमोर विषय काढायचा नाही, तिला आईच्या आठवणीने रडू येतं… अहो, धन्य आहे! मला घरबसल्या यात्रा घडवली त्याने.

तुम्ही काय केलंत?… रोज?… माझा प्रवास सुखाचा व्हावा म्हणून रोज दुआ मागितलीत?…

नाही, नाही, वाया कशाने जाईल? पोचली मला. इथे पोचली… अहो, तुमचा काय दोष? तुम्ही रडू नका. आधी पाणी प्या, तुमचा रोजा आत्ता सुटलाय.

मला काय सांगितलंय, ऐका. गिअरबॉक्स… हो, तिसऱ्यांदा… काय म्हणता! तुम्हालाही?… तुमचे डोळे दाखवायला शहरात न्यायचं होतं तेव्हा?… गिअरबॉक्सच?… मग भाच्याच्या स्कूटरवरून गेलात? एका डोळ्याला पट्टी बांधून परत? चला, निदान आई आणि सासू असा भेद तरी करत नाही तो.

सल्वानीला द्या.

सल्वानी… हं… जेवलीस?… रोजा सोड आधी… मग सोडत ऐक.

तुला माहीत होतं?… मक्केचं नव्हतं. गिअरबॉक्सचं?… बंद पडली नव्हती, पण घाटात पडेल म्हणाला. आणि?… 'आईला विचारलं, आई बरं म्हणाली.' … मी? मी बरं म्हणाले? सल्वानी, तुझ्या उभ्या आयुष्यात मी कधी कशाला पहिल्या झटक्यात बरं म्हणालेय?

आणि फोन का नाही केलास?… मी मनातून रागावलेय म्हणून. शांत होईपर्यंत करू नकोस, असंही तोच म्हणाला… अगं, आणि मला वाटलं तू ईदच्या तयारीत आहेस. मी इथे नासी दागांगचे, नारळाच्या दुधातल्या भाताचे, तांदूळ निवडून बसलेय सगळ्यांपुरते.

नाही गं, रडत नाहीये. मसाल्याचा हात लागला… लागू दे, लागतो कधीकधी.

परवा ह्यांच्याकडे जायचंय, सल्वानी… नाही, मला एकटीला नाही जायचं. सांगितलंय मी त्याला… तूही म्हणतेस ना? मग झालं.

काय चाललंय तिकडे? कोण ओरडतंय?… विहीणबाई?… काय म्हणतात?… आत्ताच्या आत्ता गाडी काढ म्हणतात? शाब्बास! आई असावी तर अशी. फोन घेऊन अंगणात जा, मला ऐकू दे.

हं… सुरू झाली की. काय सुंदर सुरू झाली! आता म्हणावं गिअर टाक… टाकला?… हे काय वाजतंय?… पुढे जात नाही?

रुस्दीला दे.

रुस्दी, पुरे झालं आता… शपथा घेऊ नकोस, एका फोनवर किती शपथा… 'ह्या खेपेला खरंच.' हो का? आणि आधीच्या खेपांना?… विहीणबाईंना बसव स्टिअरिंगपाशी. विहीणबाई, तुम्ही बघा… काय?… नुसती गुरगुरते?… सल्वानी, तू ढकलून बघ… खरंच जात नाही?… अगदी खरंच?

…

नाही, हसत नाहीये.

हसतेय.

अरे, हसू नको तर काय करू! एवढी वर्षं तू गेला-गेला करत होतास. शेवटी बिचाऱ्याने तुझा शब्द राखला.

विहीणबाई, काय म्हणता?… भावाची व्हॅन आहे? पहाटे निघता?… तुम्हीपण? अहो, या ना! सल्वानी, दामिया, तुम्ही, तुमचे बंधू… तेवढ्यांना जागा आहे. रुस्दीला नाही?… अरेरे. किती वाईट झालं. येताना बदक आणू नका हो, इथे मासळी आहे.

हं, रुस्दी. बोल… गाडी आईच्या अंगणातच ठेवतो म्हणतोस. ईद झाल्यावर दुरुस्त करतो… नाही. ह्यांची गाडी परवा कबरस्तानाच्या फाटकाशी उभी हवी. ह्यांनी जिवापाड सांभाळली ती. त्या दिवशी ती बदकांच्या घाणीत उभी राहणार नाही.

आता चिडू नकोस. आता चिडायची पाळी माझी आहे. सरळ सांग, डुंगुनला यायचं तुला एवढं जिवावर का येतं?…

हं…

हं… गल्लीत शिरलास की लोक म्हणतात, सासऱ्याची गाडी आली. जावई आला असं कोणी म्हणत नाही.

…

अरे वेड्या, जावई आलाच नाही, तर लोक म्हणतील कसं?

आधी बोलला असतास. ह्यांना सांगितलं असतं, तर ह्यांनीच रंग बदलून दिला असता गाडीचा. पोपटी.

बरं, आता रड नको. दोनदा धडपडलास, तिसऱ्यांदा ये… कशाने म्हणजे? गाडीने… पुढे जात नाही, कळलं. मागे जाते का?… बघ एकदा… टाक रिव्हर्स… हं… गेली? मस्त गेली?

मग झालं तर! रिव्हर्समध्ये ये.

हो, पेंदांगहून डुंगुनपर्यंत… घाटातही… अरे, आणि तुझ्या सोयीचंच आहे की. सबंध रस्ता तोंड आईच्या घराकडे ठेवून सासुरवाडीला पोचशील.

हॅलो?… रुस्दी?…

ठेवला. तांदूळ मात्र आणखी दोन माणसांचे निवडायला हवेत, विहीणबाई आणि त्यांचे बंधू.