दुखवट्यातलं गाणं

कॅसेटींचा विषय निघाला म्हणून नोई आठवली. दुबईत मी हॉटेलच्या बँक्वेट हॉलला होतो आणि ही थाई बाई लाँड्रीत. तिच्या देशातल्या एका लोकगायिकेची कॅसेट लावल्याशिवाय तिची इस्त्री चालायची नाही.

एकदा ती गायिका आमच्याच हॉलमध्ये गाणार होती. नेमका त्याच दिवशी सरकारी दुखवटा जाहीर झाला. गाणंबजावणं खलास. पण रास अल खोर, अल कुसैस अशा लांबच्या कामगार वस्त्यांतून आलेले थाई कामगार आणि पुढच्या रांगेतली नोई, कुणीच खुर्च्या सोडेनात.

शेवटी ती गायिका झगमगत्या ड्रेसमध्ये स्टेजवर आली, हात जोडले आणि नुसते ओठ हलवायला लागली. शब्द सगळ्यांना पाठ. हॉलभर ओठ हलत होते, डोळे वाहत होते, आवाज मात्र कुणाचाच नव्हता.

मॅनेजर धावत माझ्याकडे आला. "डिसोझा, म्युझिक बंद बोला था ना?"

"सर, बंदच आहे."

तोही मग मागे एक खुर्ची ओढून बसला.

पुढच्या वर्षी ती गायिका वारली. नोई लाँड्रीत रडत सांगत होती, "मैंने उसको सामने बैठके सुना है."

नव्या सुपरवायझरने मला विचारलं, "खरं का रे?"

म्हटलं, "मी होतो ना तिथे. काय आवाज होता बाईचा."